जुना मेनफ्रेम पुन्हा चालू कसा करतात? आणि त्याचे पार्ट्स आणतात कुठून?

एप्रिल २०१९ मधली गोष्ट. इंग्लंडमधल्या ॲडम ब्रॅडली आणि ख्रिस ब्लॅकबर्न या दोघांना ईबेच्या जर्मन साइटवर एक विचित्र जाहिरात दिसली. 'प्यूमा कॉम्प्युटर आयबीएम २०२०' असं काहीतरी नाव आणि फोटोत धूळ खात पडलेली मोठमोठी कपाटं. सहज बघणाऱ्याला वाटेल, २०२० म्हणजे साल असेल. पण या दोघांना कळलं की हा आयबीएमचा मशीन नंबर आहे. सिस्टिम/३६० मॉडेल २० या १९६० च्या दशकातल्या मेनफ्रेमचं मुख्य कपाट म्हणजे 'आयबीएम २०२०'.

बोली लावली आणि ३,७१० युरोंना मशीन त्यांच्या नावावर झालं. मग न्यूरेंबर्गला जाऊन बघतात तर एका बंद इमारतीत सगळं सामान कोंबलेलं, आणि मॉडेल २० च्या सोबतीला चक्क सिस्टिम/३७० मॉडेल १२५ हा दुसरा मेनफ्रेमही उभा! एकावर एक फ्री म्हणतात ते असं. फक्त हे 'फ्री' उचलायला क्रेन आणि ट्रक लागतो. शेवटी सगळं इंग्लंडला नेण्यात आलं.

आता खरा प्रश्न. पन्नास वर्षांपूर्वीचं मशीन, कंपनीकडे स्पेअर पार्ट नाहीत, सर्व्हिस सेंटर नाही, यूट्यूबवर 'हाऊ टू फिक्स' नाही. ते पुन्हा चालू कसं करायचं? आज आपण तेच बघणार आहोत.

आधी थोडक्यात: मेनफ्रेम म्हणजे काय?

एकाच वेळी प्रचंड हिशेब आणि नोंदी हाताळण्यासाठी बनवलेला मोठा कॉम्प्युटर म्हणजे मेनफ्रेम. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, सरकारी खाती हे त्याचं गिऱ्हाईक. मेनफ्रेम संपलेला नाही बरं का. जगातल्या कित्येक मोठ्या बँकांचे व्यवहार आजही मेनफ्रेमवरच चालतात. मी नोकरीला लागलो तेव्हा माझं पहिलं प्रोजेक्टही मेनफ्रेमवरच्या कोबोल कोडचं होतं. पण आजचा मेनफ्रेम फ्रिजएवढ्या दोनेक कपाटांत मावतो. जुना मेनफ्रेम म्हणजे अख्खी खोली.

या लेखासाठी मी मुख्य उदाहरण घेतोय ते आयबीएम १४०१ चं. कारण त्याच्या दुरुस्तीची कामं जगात सगळ्यात नीट नोंदवली गेली आहेत.

१४०१ बाजारात जाहीर झाला ५ ऑक्टोबर १९५९ ला. त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे मोजक्या संस्थांची चैन होती. १४०१ मात्र भाड्याने मिळायचा आणि भाडं मध्यम आकाराच्या कंपनीला परवडायचं. दहा हजारांहून जास्त मशीन बसवली गेली. मेमरी किती? मॉडेलप्रमाणे १,४०० अक्षरांपासून १६,००० अक्षरांपर्यंत. गिगाबाइट नाही, मेगाबाइट नाही, अक्षरं! तुम्ही आता वाचताय तो लेख ४,००० अक्षरांच्या १४०१ मध्ये मावणारच नाही.

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियम आहे. तिथे दोन १४०१ चालू अवस्थेत आहेत. एक जर्मनीतल्या हाम शहरातून आलेला. त्याची दुरुस्ती २००४ च्या सुमारास सुरू झाली. दुसरा अमेरिकेतल्या कनेटिकटमधला, जो एका घराच्या तळघरात १९९० च्या दशकापर्यंत कामाला जुंपलेला होता. रॉबर्ट गार्नर या इंजिनिअरच्या पुढाकाराने आयबीएमचे निवृत्त इंजिनिअर जमले आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येऊन, पगार न घेता, वर्षानुवर्षं यावर काम करत राहिले.

जितकं जुनं तितकं सोपं? हो, खरंच!

मला या विषयात सगळ्यात जास्त धक्का याच गोष्टीचा बसला. आपल्याला वाटतं की मशीन जितकं जुनं तितकी दुरुस्ती अवघड. प्रत्यक्षात उलटं निघतं.

१४०१ च्या आत हजारो छोटी सर्किट कार्डं आहेत. त्यांना एसएमएस कार्ड म्हणतात (मेसेजवाला एसएमएस नव्हे, 'स्टँडर्ड मॉड्युलर सिस्टिम'). पत्त्याएवढ्या रुंदीचं आणि थोडं जास्त लांब असं हे कार्ड. त्यावर काही ट्रान्झिस्टर, काही डायोड, काही रेझिस्टर, सगळे डोळ्यांना दिसणारे. खाली १६ सोनेरी पट्ट्या, ज्या सॉकेटमध्ये बसतात. बिघाड झाला तर ते एक कार्ड काढायचं, कुठला ट्रान्झिस्टर गेलाय ते मीटरने बघायचं, सोल्डरिंग आयर्न तापवायचं, नवीन लावायचं. आपल्या गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा जे करायचा तेच.

मग १९६४ ला सिस्टिम/३६० आला. त्यात आयबीएमने 'सॉलिड लॉजिक टेक्नॉलॉजी' आणली. म्हणजे साधारण अर्धा इंच चौरस सिरॅमिकची वडी, तिच्यावर छापलेले रेझिस्टर, चिकटवलेले टाचणीच्या डोक्याहून बारीक ट्रान्झिस्टर आणि वरून धातूचं झाकण. ईबेवर सापडलेल्या मॉडेल २० मध्ये असेच मॉड्यूल आहेत. आतला एक ट्रान्झिस्टर गेला तर तो बदलता येत नाही, अख्खा मॉड्यूल बदलावा लागतो. आणि तो मॉड्यूल आयबीएमशिवाय कोणी बनवलाच नाही. तरी मॉड्यूलच्या आतलं सर्किट माहीत असेल तर आजच्या बारीक पार्ट्सपासून तेवढ्याच आकाराची नक्कल बनवता येते.

त्यानंतरच्या सिस्टिम/३७० मध्ये आयबीएमच्या स्वतःच्या चिप्स आल्या. आता एका चिपमध्ये पूर्ण सर्किट. चिप गेली की गेली. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही चिपशी ती जुळत नाही. दुसऱ्या मशीनमधून काढून लावणं हाच काय तो मार्ग.

म्हणजे एकाच कंपनीच्या तीन पिढ्या आणि दर पिढीत दुरुस्ती करणाऱ्याच्या हातातून थोडं थोडं सुटत गेलेलं. तुमच्या फोनमधला प्रोसेसर या रांगेत कुठे बसतो ते सांगायची गरज नाही. १४०१ साठ वर्षांनी चालू करता येतो. आजचा फोन साठ वर्षांनी चालू करता येईल का, याचं उत्तर माझ्याकडे 'नाही'च्या जवळ जाणारं आहे.

पहिली चूक: प्लग लावून बटण दाबणं

जुनं मशीन हाती आलं की सगळ्यांना एकच खाज असते, चालू करून बघायची. हे अजिबात करायचं नाही.

पॉवर सप्लायमध्ये मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, काही तर स्टीलच्या पेल्याएवढे. त्यांच्या आत ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच वीज अडवून धरतो. वर्षानुवर्षं मशीन बंद राहिलं की हा थर झिजतो. अशात एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कपॅसिटर शॉर्ट होतो, तापतो, कधी फुटतोही. म्हणून व्होल्टेज अगदी हळूहळू, तासन्‌तास वाढवत नेतात, म्हणजे थर पुन्हा तयार होतो. या कामाला 'रिफॉर्मिंग' म्हणतात. जो कपॅसिटर तरीही सुधारत नाही तो बदलायचा. तोपर्यंत लॉजिक कार्डं बाहेर काढून ठेवायची आणि प्रत्येक सप्लायचं व्होल्टेज बरोबर येतंय का ते रिकाम्या सॉकेटवर मोजायचं. मगच कार्डं परत आत.

जर्मन १४०१ ची अजून एक भानगड होती. ते युरोपसाठी बनवलेलं म्हणून ५० हर्ट्झवर चालणारं (आपल्याकडेही ५० हर्ट्झच असतं). कॅलिफोर्नियात वीज ६० हर्ट्झची. तुमचा मोबाइल चार्जर दोन्हीकडे निमूटपणे चालतो, पण या मशीनचे ट्रान्सफॉर्मर एका ठरावीक फ्रीक्वेन्सीवरच व्होल्टेज स्थिर ठेवतात. त्यामुळे मशीन बदलण्यापेक्षा त्याला ५० हर्ट्झची वीज बनवून द्यावी लागली.

ट्रान्झिस्टरपेक्षा रबर जास्त छळतं

कॉम्प्युटर म्हटलं की आपल्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक्स येतं. पण या मशीनचा अर्धा जीव यंत्रात असतो. १४०१ सोबतचा १४०२ हा कार्ड रीडर मिनिटाला ८०० पंच कार्डं वाचतो, म्हणजे सेकंदाला तेरा. एवढ्या वेगाने कागद ओढायला बेल्ट, रोलर, क्लच, गिअर, सगळं लागतं. १४०३ प्रिंटरमध्ये अक्षरांची एक साखळी गरगर फिरत असते आणि १३२ छोटे हातोडे योग्य क्षणी कागदावर प्रहार करतात. वेग मिनिटाला ६०० ओळी. त्याचा आवाज ऐकायचा असेल तर म्युझियमचे व्हिडिओ बघा. इयरफोनचा आवाज आधी कमी करा!

रबराचं म्हातारपण दोन प्रकारचं. एक तर ते दगडासारखं कडक होतं आणि तडकतं, नाहीतर वितळून डांबरासारखं चिकट होतं. तो चिकटा खरवडून काढायला एकेका रोलरला अख्खी दुपार जाते. मग रोलरचा धातूचा गाभा रबर चढवून देणाऱ्या वर्कशॉपला पाठवायचा. असं काम करणारे लोक आपल्या एमआयडीसीतही सापडतील. पण त्यांना रबराचा कडकपणा आणि व्यास अचूक सांगावा लागतो. व्यास थोडा जरी चुकला तरी कार्ड तिरकं जातं आणि अडकतं.

स्क्रूचंही तसंच. मशीन अमेरिकन, त्यामुळे आटे इंचात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की आटा गेलाच समजा.

मग पार्ट्स मिळतात कुठे?

सगळ्यात आधी ईबे. पण तिथे शोधायची एक रीत आहे. 'आयबीएम १४०१ पार्ट' असं शोधलं तर फार काही मिळत नाही, आणि जे मिळतं ते महाग. विकणाऱ्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं की हातातली वस्तू कुठल्या मशीनची आहे. म्हणून जाणकार मंडळी मशीनचं नाव न टाकता कार्डावर छापलेला अक्षरी कोड, पार्ट नंबर, नाहीतर 'जुनं सर्किट बोर्ड' असं काहीही टाकून बघतात. 'प्यूमा कॉम्प्युटर'ची गोष्ट आठवा. चुकीच्या नावाने लावलेल्या जाहिरातीतच घबाड असतं.

दुसरा स्रोत म्हणजे न वापरलेला जुना साठा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचंच घ्या. १४०१ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत आणि मोठ्या कंपन्यांनी त्यांचं उत्पादन कधीच थांबवलं. 'मग सिलिकॉनचा लावा की,' असं मलाही वाटलं होतं. पण जर्मेनियम ट्रान्झिस्टर साधारण ०.३ व्होल्टला चालू होतो आणि सिलिकॉनचा ०.७ ला. सर्किटचे बाकीचे पार्ट ०.३ धरून ठरवलेले असतात. तिथे सिलिकॉन टाकला की एखादं कार्ड चालतं, एखादं अर्धवट चालतं. आणि अर्धवट चालणारं कार्ड हे बंद पडलेल्या कार्डापेक्षा वाईट, कारण बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही. म्हणून जुन्या स्टॉकमधले त्याच गुणधर्मांचे ट्रान्झिस्टर शोधून, प्रत्येक तपासून लावावे लागतात.

तिसरा स्रोत म्हणजे निवृत्त इंजिनिअरांचे माळे आणि गॅरेज. त्या काळी मशीन सांभाळणाऱ्या इंजिनिअरकडे स्वतःची हत्यारांची बॅग असायची, काही सुटी कार्डं असायची. ती बॅग अनेकांनी फेकून दिलेली नसते. घरच्यांनी फेकायच्या आधी कोणीतरी विचारायला हवं, एवढंच.

आणि चौथा, ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतात तो, दाता मशीन. म्हणजे एक मशीन चालवायला दुसरं मोडायचं. हे सोपं वाटतं, पण ज्या मॉडेलची जगात बोटांवर मोजण्याइतकी मशीन उरली आहेत त्यातलं एक मोडायचा हक्क कोणाला? म्हणून काही म्युझियम मशीन चालूच करत नाहीत. मूळ पार्ट झिजू नयेत म्हणून ते काचेमागे ठेवतात. दुसरी बाजू म्हणते की न चालणारा कॉम्प्युटर म्हणजे नुसतं कपाट. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. बदललेला प्रत्येक पार्ट पाकिटात घालून, वर तारीख आणि जागा लिहून जपून ठेवायचा आणि वहीत नोंद करायची. पुढच्याला मूळ काय होतं ते कळलं पाहिजे. माउंटन व्ह्यूला दोन मशीन असण्याचा फायदाही इथेच दिसतो. एकातलं संशयित कार्ड दुसऱ्यात लावून बघता येतं, काही मोडावं लागत नाही.

या सगळ्याचा शत्रू कोण माहितीये? सोनं. त्या कार्डांच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो. त्यामुळे जुनी कॉम्प्युटर कार्डं भंगारात किलोवर विकली जातात आणि ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढलं जातं. मुलामा तो केवढा, पण त्यासाठी पुन्हा कधीच न बनणारं कार्ड कायमचं जातं. जे वाचतात त्यातली काही शोभेच्या वस्तू होतात. बारीक फेराइट कड्या तारांत ओवून विणलेली मेमरी, म्हणजे कोअर मेमरी, फ्रेम करून भिंतीवर लावायला विकली जाते. दिसते सुंदर, नाही म्हणत नाही.

पार्टपेक्षाही दुर्मीळ: कागद आणि माणसं

समजा १४०१ ची बेरीज चुकतेय. हजारो कार्डांतलं नेमकं कोणतं बिघडलंय? इथे सर्किटचे नकाशे लागतात. आयबीएम हे नकाशे कॉम्प्युटरकडूनच छापून घ्यायची, जाडजूड बाडंच्या बाडं. त्यात प्रत्येक कार्ड कुठे बसतं आणि कुठली तार कुठून कुठे जाते ते सगळं असतं. ऑसिलोस्कोप लावून सिग्नलचा माग काढत नकाशाच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचं, जोवर 'आत सिग्नल जातोय, बाहेर येत नाही' असं कार्ड सापडत नाही. हे नकाशे नसतील तर खोलीभर पार्ट असूनही उपयोग शून्य.

इथे माझी एक जुनी खंत सांगतो. पहिल्या नोकरीत ऑफिस शिफ्ट होत होतं. एका बंद खोलीत कपाटभर मेनफ्रेम मॅन्युअल्स होती. रद्दीवाला आला, काटा लावला, पोती भरली. मी तिथेच चहा पीत उभा होतो. त्यात काय होतं ते मला आज थोडंफार कळतं, तेव्हा काहीच कळत नव्हतं. एक निळी फाइल तेवढी सहज म्हणून घेतली, तीही आतून अर्धी वाळवीने खाल्लेली निघाली.

नकाशात नसणाऱ्या गोष्टी माणसांकडे असतात. कार्ड रीडरचा आवाज जरा बदलला की कुठला भाग सैल झालाय ते ओळखणारे इंजिनिअर १४०१ च्या टीममध्ये होते, कारण तरुणपणी त्यांनी हेच मशीन रोज हाताळलं होतं. पण १९६० च्या दशकात पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे असतो. ट्रान्झिस्टर अजून पन्नास वर्षं डब्यात टिकेल, ही माहिती टिकणार नाही. म्हणूनच या टीमने पार्ट बदलण्याइतकाच वेळ लिहून ठेवण्यात आणि तरुण मंडळींना शिकवण्यात घातला.

आपल्याकडे काय झालं?

१४०१ आपल्याकडेही होता. आयबीएम परदेशात वापरून झालेली १४०१ मशीन आणून, दुरुस्त करून भारतात भाड्याने द्यायची, आणि हे काम तिच्या मुंबईच्या कारखान्यात चालायचं. थोडक्यात, जुना मेनफ्रेम उघडून पुन्हा चालू करण्याचं कौशल्य मुंबईत साठच्या दशकातच होतं! पुढे परकीय भांडवलाच्या नियमांवरून सरकारशी पटलं नाही आणि १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. मागे राहिलेल्या मशीनची देखभाल सीएमसी, म्हणजे कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. मूळ कंपनी देश सोडून गेलेली आणि मशीनवर मात्र रोजचं काम अवलंबून. सीएमसीच्या इंजिनिअरांसाठी हा छंद नव्हता, ती ड्युटी होती.

त्याही आधी, १९६० मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा कॉम्प्युटर तयार झाला होता. तो इथेच डिझाइन केलेला आणि त्यात कोअर मेमरीही होती. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत ही मशीन बनवणारी, उघडणारी आणि चालू ठेवणारी माणसं आपल्यात होती. त्यांतले काही आज कोणाचे तरी आजोबा असतील. त्यांना विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, मशीनचं नाव आणि गाव बोलायला विसरू नका.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

मेनफ्रेम विकत घ्यायला जागा आणि पैसा लागतो. पण तो चालवून बघायला फक्त एक साधा लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पुरतो. 'हर्क्युलिस' हा मोफत एम्युलेटर सिस्टिम/३७० ची हुबेहूब नक्कल करतो आणि त्यावर आयबीएमची एमव्हीएस ३.८ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. १४०१ साठी 'सिमएच' बघा. जुनी मॅन्युअल्स आणि नकाशे वाचायचे असतील तर 'बिटसेव्हर्स' या साइटवर स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा डोंगर आहे. फोनवरही उघडतो, पण नकाशे बघायला मोठी स्क्रीन घ्या, नाहीतर डोळे जातील.

आणि समजा कॉलेजच्या स्टोअररूममध्ये, एखाद्या जुन्या ऑफिसात किंवा भंगारच्या दुकानात अशी कार्डं, टेपची रिळं, पंच कार्डांचे गठ्ठे दिसलेच, तर काही उघडू नका, पुसू नका आणि प्लग तर मुळीच लावू नका. पार्ट नंबर दिसेल असे फोटो काढा, कुठलं काय कुठे ठेवलंय तेही फोटोत येऊ द्या. सगळं वाचवता येणार नसेल तर कागद आधी उचला.